दुर्बिणीचा आरसा पोचवायला गेलो

हल्ली शुक्रवार पेठेतून गिरणीपर्यंत चालत जायची मला चोरी झालीय. पानाच्या दुकानापाशी थांबलो की दुकानदार विचारतो, "काय बापूसाहेब, दुर्बिणीतून काय काय दिसलं?" पाठोपाठ कुणीतरी आवाज उतरवून विचारतं, "आणि मास्तर कुठायत?" आक्काच्या दाराला कुलूप लागल्यापासून तर लोकांना ऊतच आलाय. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. ज्याला हवं त्यानं वाचावं आणि माझं डोकं खाणं बंद करावं.

आधीचं थोडं

मास्तर म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. इथल्या एका हायस्कुलात ते शास्त्र शिकवत. घरी बनवलेली एक लहानशी दुर्बीण त्यांच्याकडे होती. दक्षिणेकडच्या एका संस्थानाचे महाराज सोलापुरात मुक्कामाला असताना त्यांनी तिच्यातून शनीची कडी पाहिली, आणि त्या एका संध्याकाळनं घात केला. संस्थानाचं नाव सांगत नाही, तिथलं मीठ खाल्लंय. महाराज म्हणाले, "मास्तर, एवढ्याशा दुर्बिणीतून हे दिसतं, तर मोठी केली तर काय दिसेल?" दाजी म्हणाले, "मोठी करायची तर आरसा मोठा पाहिजे." महाराजांनी विलायतेहून काचेची चकती मागवली. उभी केली तर माझ्या कमरेच्या वर येईल एवढी, आणि वीतभर जाड. ती दाजींच्या हवाली करून म्हणाले, "तुम्ही घासा, मी तिच्यासाठी टेकडीवर घर बांधतो." एवढी मोठी दुर्बीण हिंदुस्थानात दुसरी नसेल असं दाजी सांगायचे. खरंखोटं त्यांना ठाऊक.

दुर्बीण म्हटलं की लोकांना लांब नळी आणि तिच्या तोंडाला भिंग एवढंच माहीत. मोठ्या दुर्बिणीला भिंग पुरत नाही, खोलगट आरसा लागतो. आभाळातला उजेड आरशावर पडतो, आरसा तो एका जागी गोळा करतो, तिथं बारीक भिंग धरून बघायचं. पण ती खोलगट काच घासूनच करावी लागते. काचेवर दुसरी काच, मध्ये कुरुंदाची ओली पूड, आणि भोवती फिरत फिरत घासत राहायचं. एका बंद पडलेल्या रंगारखान्यात दाजींनी हा कारखाना मांडला. मी गिरणीच्या स्टोअरात असतो, कुरुंदाची पूड मीच पैदा करून द्यायचो. शाळा सुटली की दाजी तिकडं, सुट्टीला सबंध दिवस तिकडं. आक्का डबा पाठवायची आणि डबा तसाच परत यायचा. महाराजांच्या त्या काचेपायी माझ्या बहिणीची उमेदीची वर्षं गेली. हे मी दाजींच्या तोंडावर बोललोय, त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही.

शेवटी शेवटी तर अंगाच्या उबेनं काच फुगते म्हणून ते मला जवळ उभं राहू देत नसत. दिव्याची ज्योत आणि वस्तऱ्याचं पातं घेऊन आकार तपासायचे. एक दिवस म्हणाले, "बापू, झालं." मग वर चांदीचा पातळ थर चढवला आणि आरसा तयार झाला. पण त्या आरशानं अजून आभाळ पाहिलेलं नव्हतं. त्याला लागणारी लांब नळी, लोखंडी सांगाडा, रुळांवर फिरणारा आणि वरून उघडणारा घुमट, सगळं महाराजांच्या टेकडीवर व्हायचं होतं. दाजींना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. आपण घासलेल्या आरशातून एकदा आभाळ बघायचं.

मध्येच महाराज वारले. दाजींनी अंथरूण धरलं. पण काही महिन्यांनी राणीसाहेबांचा माणूस निरोप घेऊन आला. महाराजांची इच्छा पुरी करतोय, मास्तरांच्या नकाशावरून घुमट उभा आहे, आरसा घेऊन यावं. दाजी त्याच दिवशी उठून बसले आणि भाकरी खाल्ली.

भीमेपलीकडं

रेल्वेच्या हमालांवर दाजींचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून बैलगाडी. अक्कलकोटकडचा सिदराम म्हणून एक गाडीवान ठरवला, त्याला कानडी येत होतं. पेटीत गिरणीतला सुताचा चोथा भरला, वर-खाली सोलापुरी चादरी घातल्या आणि सहा माणसांनी बांबूंवर पेलून आरसा गाडीत ठेवला. मला दाजींनी बरोबर घेतलं, कारण आक्कानं अट घातली होती. मला म्हणाली, "जसे नेतोयस तसे परत आण." एवढंच म्हणाली.

थंडीचे दिवस होते, तुरी पिवळ्या झाल्या होत्या, ज्वारी कमरेला आली होती. प्रवास म्हणून सांगायचं तर मला मजा येत होती. पण दगड आला की दाजी गाडी थांबवायला लावत, उतरून तो दगड बाजूला करत आणि मग पुढं. सिदराम मला म्हणाला, "मास्तर समदा रस्ता येचनार हायत का वं?" भीमा ओलांडताना गाडी नावेत चढवली, तेव्हा नाव कलली आणि एक बैल पाण्यात बसला. दाजी पेटीवर पालथे पडून तिला मिठी मारून राहिले. बैलाचं काय झालं हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. बैल निघाला पोहत, पण सिदरामला ते लागलं, आणि दुपारभर तो दाजींशी बोलला नाही.

आक्कानं दिलेल्या दशम्या आणि शेंगाची चटणी संपली, तोवर मुलूख कानडी झाला होता. तिथं वाटेवरच्या पाहुण्याला आधी पाणी आणि गुळाचा खडा देतात, नाव-गाव मागाहून विचारतात. आपल्याकडं आधी आडनाव विचारतात आणि मग पाणी द्यायचं की नाही ते ठरतं. भाकरी कागदासारखी पातळ आणि कडक, तिच्याबरोबर भरली वांगी, त्यात कारळाची पूड. "ऊटा माडरी," म्हणजे जेवा, असं म्हणून बाई वाढतच राहते. मी खाल्लं, सिदरामनं खाल्लं. दाजी ताट हातात घेऊन गाडीपाशी उभे राहून जेवले.

नाका

संस्थानच्या हद्दीवर जकात नाका होता. बांबूचा आडणा, खोपटात एक चष्मेवाला नाकेदार. पेटीत काय, म्हणून विचारलं. दाजी म्हणाले, "आरसा." नाकेदार म्हणाला, "आरशाला जकात आहे. चैनीची वस्तू. उघडून बाहेर काढा, मोजमाप घेतो." दाजींनी त्याला शास्त्र समजावायला घेतलं. गुरुत्व, प्रकाश, शनी, सगळं. नाकेदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाहेर काढा." रस्त्याच्या धुळीत आरसा उतरवायचा म्हटल्यावर दाजींचा आवाज चढला. मी महाराजांचं नाव सांगितलं, राणीसाहेबांचं सांगितलं. त्याच्यापुढं कुणाचं काही चालेना. उन्हं उतरायला लागली आणि आमची गाडी होती तिथंच.

मग सिदराम उठला, खोपटात गेला आणि कानडीत काहीतरी पुटपुटला. नाकेदार बाहेर आला तो अनवाणी. गाडीपाशी आला, पेटीला हात लावून डोळ्यांना लावला आणि स्वतः आडणा वर केला.

पुढं गेल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस रे त्याला?"

"देव हाय म्हनलं. टेकडीवर बसवायला चाललाय म्हनलं. देवाला जकात न्हाय."

दाजी गाडीतून म्हणाले, "सिदराम, हे बरं केलं नाहीस."

"मग काय करू मास्तर? तितंच ऱ्हायचं व्हतं व्हय? आन् खोटं काय हाय त्यात? तुमी त्याच्यासाटी जेवन सोडता, झोप सोडता, माजा बैल बुडला तरी वळून बगत न्हाय. देव न्हाय तर काय मग हे?"

मला हसू आलं. दाजींना आलं नाही.

शिवेवरून शिवेवर

बातमी आमच्या आधी पोचली. नाकेदाराचा शिपाई सायकलवरून गेला असणार. दुसऱ्या दिवशी पहिल्याच गावाच्या शिवेवर हलगी वाजत होती, बायका कळशा घेऊन उभ्या. आमच्या बैलांच्या पायांवर पाणी घातलं, पेटीला हळदकुंकू लावलं आणि मग गावच्या पाटलानं सिदरामचे बैल सोडायला लावले. त्या भागात रीत अशी की गावातून देव चालला तर तो परक्या बैलांनी ओढायचा नाही. गावचे बैल जोडायचे आणि पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचं, तिथून पुढचं गाव. सिदरामचे बैल मोकळे, झुली घालून मागून येत होते. तो लई खूश. आणि मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू? गावोगाव हुग्गी म्हणून गव्हाची खीर, तूप, विडे. असला मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

दाजींचा मात्र जीव मेटाकुटीला आला होता. एकानं पेटीच्या कोपऱ्यावर नारळ फोडायला हात उचलला, तर यांनी मध्ये हात घातला आणि मनगटावर फटका खाल्ला. सिदरामकडून दोन शब्द शिकून घेतले आणि प्रत्येक शिवेवर हात जोडून सांगायला लागले, "देवरु अल्ल, कन्नडी." देव नव्हे, आरसा. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "हौद्री, कन्नडी देवरु." होय की, आरसादेव. मग पुन्हा पेटीला नमस्कार. शास्त्राचा मास्तर, वर्गात चिडीचूप शांतता ठेवणारा माणूस, आणि इथं कुणी त्यांचं ऐकतच नव्हतं.

टेकडीच्या अलीकडच्या गावात मुक्काम पडला. दिवस मावळायला आलेला. एक म्हातारी आली आणि गाडीपाशी बसूनच राहिली. देवाचं तोंड बघायचंय, म्हणे. एवढ्या लांबून देव आला आणि नुसती पेटी बघून घरी जाऊ? दाजी नाही म्हणाले. ती हलेना. रडली नाही, भांडली नाही, नुसती बसली. शेवटी दाजींचं मन द्रवलं. आम्ही झाकण काढलं, चोथा बाजूला केला. आरसा उताणा होता. वर चिंचेचं झाड, त्याच्या फांदीपलीकडं मोकळं आभाळ, आणि पहिली चांदणी नुकती दिसायला लागलेली.

म्हातारी वाकून बघत राहिली. कानडीत काहीतरी म्हणाली. सिदरामनं सांगितलं, "म्हनती, ह्यात तर आभाळ हाय." मग तो स्वतःच वाकला, वर बघितलं, पुन्हा आत बघितलं. "मास्तर, ते बारीक भिंग तुमच्या खिशात हाय न्हवं? ह्या फांदीवर चढा आन् बगा की. मी धरतो तुमास्नी."

दाजींनी फांदीकडं पाहिलं. मी त्यांच्याकडंच बघत होतो. फांदी बरोबर आरशाच्या वर होती आणि उंचीही बेताची होती. गाडीत आरसा नीट बसलेला नव्हता, स्पष्ट दिसलं नसतं, पण काहीतरी दिसलं असतं. दाजींनी चपला काढल्या. खिशातून भिंग काढलं. आणि मग पुन्हा चपला घातल्या.

"नको," म्हणाले. "पहिली नजर टेकडीवरून. महाराजांना तसा शब्द दिलाय."

मी म्हटलं, "दाजी, महाराज राहिले नाहीत. एकदा बघून घ्या. टेकडीवर पुन्हा बघालच की."

"चोरून नको, बापू," म्हणाले, आणि झाकण लावायला घेतलं. त्या वेळी मला त्यांचा असा राग आला होता, की तो अजून गेलेला नाही.

टेकडी

दुसऱ्या दिवशी सकाळी लांबून घुमट दिसला. पांढराशुभ्र, चुन्यानं घोटलेला, अगदी देखणा. दाजी गाडीच्या साटीवर उभे राहिले आणि डोळ्यांवर हात धरून बघायला लागले. "वर चमकतंय काय?"

"कळस," सिदराम म्हणाला.

"घुमटाला कळस कशाला?"

सिदरामनं बैलांना हाकललं.

वर मल्लप्पा मिस्त्री वाट बघत उभा होता. देवळं बांधणाऱ्या घराण्यातला माणूस, पन्नाशीचा, हाताला चुन्यानं भेगा पडलेल्या. त्यानं वाकून नमस्कार केला. "बर्री मास्तर, बर्री, या. तुमचं नकाशा बघून एक इंच इकडं तिकडं केलो नाही बघा."

दाजींनी घुमटाभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी मारली. "मिस्त्री, घुमट उघडतो कुठून?"

"उघडतो?"

"नकाशात होतं. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत मोकळी फट. आणि खाली चाकं."

मल्लप्पा हसला. दाजी थट्टा करतायत असं त्याला वाटलं असावं. "होतं की. मी राणीसाहेबांना विचारलो. म्हणालो, नकाशात वर उघडं आहे, काय करू? त्या म्हणाल्या, समाधीवर उघडं कसं ठेवायचं, पाऊस पडेल. बरोबर आहे की ते. आणि चाकं? माझ्या आज्यानं देवळांची शिखरं बांधली मास्तर, आजपर्यंत एक फिरलं नाही."

"समाधी कुणाची?" मी विचारलं.

मल्लप्पा आम्हाला आत घेऊन गेला. मधोमध दगडी ओटा होता. दुर्बीण हलू नये म्हणून दाजींनी नकाशात काढला होता तस्साच, खोल पायाचा, मापात चोख. त्या पायात महाराजांच्या अस्थी ठेवल्या होत्या. भोवती दगडात वेलबुट्टी कोरली होती, आणि ओट्यावर आरसा उभा बसेल अशी खाच तयार होती. आत थंडगार आणि अंधार. उजेड आला तर तेवढा एका दारातून.

दाजी हळूच म्हणाले, "आणि नळीसाठी महाराजांनी पितळेचे पत्रे आणून ठेवले होते. ते?"

मल्लप्पानं अभिमानानं वर बोट केलं. "कळसाला घेतलो. लई चांगलं पितळ मास्तर, विलायती."

मी त्याला बोललो. नाही नाही ते बोललो. वेडा आहेस का, दुर्बीण म्हणजे काय कळतं का तुला, महाराजांनी काय सांगितलं आणि तू काय केलंस? तो गोंधळून माझ्याकडं बघत राहिला. दोन पावसाळे टेकडीवर राहून त्यानं आपल्या धन्यासाठी जीव ओतून काम केलं होतं आणि सोलापूरचा कुणीतरी कारकून त्याच्यावर ओरडत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तसा मी गप्प झालो. दाजी पायरीवर बसले होते. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही, आणि मला वाटत होतं त्यांनी चढवावा.

राणीसाहेब

दुपारी बोलावणं आलं. चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब बसल्या होत्या. तिथली दरबारी रीत म्हणजे आधी विडा द्यायचा, मग प्रकृती विचारायची, मग प्रवास विचारायचा. दाजी मध्येच बोलले, "राणीसाहेब, घुमटाचा माथा काढावा लागेल. कळस उतरवावा लागेल. नाहीतर दुर्बीण होणार नाही."

मग त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या वडिलांच्या समाधीवरचं छप्पर तुम्ही फोडाल?"

दाजींनी हातातला विडा खाली ठेवला.

"मग आरसा मी परत घेऊन जातो," ते म्हणाले. "काच महाराजांची आहे, मला कबूल आहे. पण इथं अंधारात तिचा उपयोग नाही."

"जाताना महाराज म्हणाले, मास्तरांचा आरसा आला की मला त्याच्यापाशी न्या. आरसा आला नाही आणि महाराज गेले. म्हणून त्यांना आधी तिथं नेऊन ठेवलं. आता आरसा परत नेतो म्हणता?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "राणीसाहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो. महाराजांना तारे बघायचे होते."

"ते आता ताऱ्यांतच आहेत," त्या म्हणाल्या. "बघायचं राहिलं काय?"

बाईचा आवाज कापत होता. कुणी उद्दाम असतं, लबाड असतं तर मी भांडलो असतो. पण तिथं भांडायला कुणीच नव्हतं. ज्याचं त्याचं महाराजांवर प्रेमच होतं, आणि त्या प्रेमानं दाजींचा गळा कापला.

दाजींनी शेवटचं मागितलं. "एक संध्याकाळ द्या. आरसा बाहेर अंगणात ठेवतो, बांबू रोवून वर भिंग बांधतो. एकदा बघतो आणि तुमच्या स्वाधीन करतो."

"मास्तर, गावोगाव पूजा घेत आलेला देव आहे तो. दारात आलेल्या देवाला बाहेर ठेवत नाहीत. उद्या सकाळचा मुहूर्त आहे."

बाहेर आल्यावर दाजी सिदरामला काही बोलले नाहीत. पण आपल्या एका थापेनं काय झालं ते सिदरामला कळलं होतं. तो बैलांपाशी जाऊन बसला आणि जेवायला आला नाही.

सकाळी आरसा ओट्यावर उभा केला, दाराकडं तोंड करून. पुजारी चांगला शहाणा माणूस होता, हसतमुख. त्याच्या हातात पंचामृताचं तांब्याचं भांडं, आणि मागं वाड्यातला गडी वाटीत चिंच आणि कापडात राख घेऊन उभा. देवाची चांदी वाटेत काळवंडली असेल तर उजळून घ्यायची, म्हणून. दाजी एकदम आरशापुढं हात पसरून उभे राहिले.

"दही लागलं तर चांदी जाईल. राखेनं घासलात तर काचेला ओरखडे पडतील. मग हा आरसा जन्मात कधी काही दाखवणार नाही. मी पाया पडतो तुमच्या."

आणि खरोखर वाकले. पुजाऱ्यानंच त्यांना धरून उठवलं. म्हणाला, "अहो मास्तर, देवाला चालत नसेल तर नको अभिषेक. आमचा काय हट्ट आहे? पण रोजची पूजा कुणीतरी करायला हवी. उद्या मी नसेन, दुसरा कुणी येईल, त्याला हे कोण सांगणार?"

सगळे दाजींकडं बघायला लागले.

"मी करीन," दाजी म्हणाले.

मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हटलं, "दाजी, शुद्धीवर आहात का? शाळा आहे, घर आहे. आक्काला काय तोंड दाखवू मी?"

"तिला म्हणावं, ये इकडं."

"आणि इथं करणार काय तुम्ही? घंटा वाजवणार?"

"मी गेलो की दुसऱ्या दिवशी चिंच लागते बघ त्याला." ते अगदी शांत होते, त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. "दगडाचा घुमट आहे, बापू. कधीतरी कुणीतरी फोडील. राणीसाहेबांनंतर, त्यांच्या मुलांनंतर, कधीतरी. त्या दिवशी आरसा धड असला पाहिजे."

"आणि तुम्ही त्या दिवशी कुठं असाल?"

दाजी वळले. आत गेले, सोवळं नेसले आणि एका मऊ फडक्यानं काठाकाठानं धूळ टिपायला लागले.

निघताना

तिसऱ्या दिवशी सिदरामनं गाडी जुंपली. गाडी रिकामी, पेटी रिकामी, चादरी घडी करून ठेवलेल्या. मी निरोप घ्यायला घुमटाकडं गेलो तर बाहेर रांग. आसपासच्या गावांतून माणसं आली होती, लेकरंबाळं घेऊन, शिदोऱ्या बांधून. आरशाची कीर्ती झाली होती. दारातून बघितलं तर माणूस त्यात उलटा दिसतो, डोकं खाली पाय वर. चार पावलं पुढं गेलं की काही दिसत नाही, नुसता पांढरा उजेड हलतो. आणि अगदी जवळ गेलं की आपलंच तोंड परातीएवढं होऊन सरळ समोर येतं. खोलगट आरशाचा हा साधा नियम आहे, दाजी तो इंग्रजी चौथीला शिकवत. इथं लोक म्हणत होते, माणूस पापानं उलटा असतो, देव त्याला सरळ करतो. एक बाई सरळ झाली आणि हुंदके देऊन रडली.

मला रांग मोडू देईनात. मी सांगितलं, मास्तर माझे दाजी आहेत. पुढचा शेतकरी म्हणाला, सगळ्यांचेच आहेत. मग थांबलो. दारात उलटा झालो, मध्ये नाहीसा झालो, आणि ओट्यापाशी पोचलो. दाजी आरशाच्या बाजूला पाटावर बसले होते, अंगात सदरा नाही, कपाळाला गंध, समोर तांब्या-पळी. तीर्थ म्हणजे नुसतं पाणी आणि तुळस. दूध-दही त्यांनी दाराच्या आत येऊ दिलं नव्हतं.

त्यांनी पळीभर पाणी माझ्या हातावर घातलं. सोलापुरात मी कधी तीर्थ घेतलं नाही आणि त्यांनी तर नाहीच नाही. मी ते प्यालो. म्हटलं, "दाजी, निघतो मी. आक्काला काही निरोप?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्या तोंडापासून आरशापर्यंत किती अंतर आहे ते पाहिलं.

"देवापुढं बोलू नका, वाफ धरते," ते म्हणाले. "पुढं व्हा."